पाणी थांबता कामा नये

हात उचलायचा नाही. गोकुळदासाला एवढंच सांभाळायचं होतं, आणि त्याचे एकोणीस दिवस उरले होते.

बाकी म्हणाल ते त्याला जमायचं. नार्व्याचा गडी. वीस वर्षं दिचोलीकडच्या खाणीवर मशीन चालवली, खाण बंद पडल्यावर दोन वर्षं घरात बसून बायकोचं डोकं खाल्लं, आणि मग पन्नाशीला टेकता टेकता टाक्यांचा पांढरा गिलावा शिकला. टाकी म्हणजे पोहायची टाकी. लोक स्विमिंग पूल म्हणतात, पण गोकुळदासाच्या तोंडात ते काही बसलं नाही. किनाऱ्यावर ज्याच्या चार खोल्या आहेत त्यालाही आता टाकी हवी, त्यामुळे पेडण्यात कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो अकलेला. डोकं तापलं की हात पुढे जायचा आणि अक्कल मागून चालत यायची, देवळातल्या म्हातारीसारखी.

गेल्या वर्षी मांद्रेला तसंच झालं. टाकी अर्धी भरलेली, आणि मालकाने बागेला शिंपायला म्हणून नळ मधेच बंद केला. सकाळी बघतात तर भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला चारी बाजूंनी रेघ. मालक उलट गोकुळदासालाच म्हणाला, तुझं काम कच्चं. गोकुळदासाच्या हातात गिलावा घोटायचा लाकडी रंधा होता. मालकाच्या कपाळाला सात टाके पडले.

त्यावर मामलेदाराने सही करून घेतली. वर्षभर कुणाच्या अंगाला बोट लावायचं नाही. लावलं तर दुसरी विचारपूस नाही, सरळ आत. बायको कमलाक्षी रोज डबा बांधताना तेच सांगायची, "भांडूचा आसला तर घराक येवन माझ्याशी भांड. भायर दात खा, हात खिशात घाल."

आता काम होतं हरमलला, प्रशांतकडे. समुद्राकडून चढाव चढून आलं की प्रशांतच्या पाहुण्यांसाठीच्या आठ खोल्या, मागे टाकी. पलीकडे त्याचा थोरला भाऊ श्रीनाथ, तो स्कूटरी भाड्याने देतो. जागेची वाटणी झाली होती पण विहिरीची झाली नव्हती. विहीर दोघांची, आणि पंपाची खोपटी श्रीनाथच्या बाजूला. गोकुळदासाने पहिल्याच दिवशी ते बघून ठेवलं.

प्रशांतला त्याने समोर बसवून सांगितलं होतं. "तान्ह्याची टाळू बघितलंस? बोट दाबलास तर दबता. नवो गिलावो तसो. काम आटापला काय पाणी सोडूचा. नळयेच्या तोंडाक फडको बांधान ती खोलात ठेवची, नायतर धार गिलावो उकरता. आणि पाणी वरच्या काठाच्या टाइलीच्या मधापर्यंत चढासर थांबूचा नाय. पाच-धा मिनटां चलतत. अर्धो तास थांबला तर थंय रेघ उठली, ती तुझ्या नातवापर्यंत रवतली. तवसर आत माणूस नाय, कुत्रो नाय, कावळो नाय."

"कावळ्याक कसा सांगू?" प्रशांत म्हणाला.

"कावळ्याक मी सांगतंय. तू माणसांक सांग."

काल दुपारी गिलावा आटपला, तीन वाजता पाणी सोडलं. गोकुळदास रात्रभर काठावरच पडून राहिला. सकाळी आठला दोन हात भिंत उघडी राहिली होती, खाली पाणी निळसर, दुधाळ. प्रशांतची बायको देवकी चहा आणि पाव घेऊन आली. आमच्याकडे गवंड्याला मेस्त म्हणतात.

"मेस्त, डोळो लागलो काय?"

"लागलो गे. एक."

"आणि दुसरो?"

"दुसरो पाण्यात आसा. प्रशांत खंय?"

"म्हापशाक गेलो. फिल्टराचो कसलोसो पार्ट व्हयो म्हणान. धा वाजेसर येतलो."

गोकुळदासाने पाव चहात बुडवला तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून श्रीनाथ आला. उजव्या हातात कोयता, डाव्या काखेत लाल कोंबडा, चड्डीच्या खिशातून फेणीच्या बाटलीची मान वर आलेली. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला.

"भावोजी, ह्या काय?" देवकीने विचारलं.

"राखणदाराचा देणा. तुझो घोव देणा नाय, मगे मी देतंय." तो गोकुळदासाकडे वळला. "ह्या खड्ड्याक कुदळ घातली तेव्हा राखणदाराक विचारल्यानी? नाय. आठवड्यात तीन स्कूटरी आपटल्यो. तिसऱ्येर मी होतंय. ह्या काय उगाच जाता?"

"ब्रेक बघितलंस?"

"ब्रेकाचो काय संबंध रे हंय?"

गोकुळदास काय नास्तिक नव्हता. नार्व्याच्या देवळात वाढलेला माणूस. खाणीवर नवीन मशीन आलं की नारळ त्यानेच फोडायचा, आणि जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा त्याने स्वतः चारपाच वेळा दिला होता. पण तो उठून मध्ये उभा राहिला.

"देणा दी. माझी ना नाय. पण थंय वडाकडे दी. हंय रगत सांडला तर गिलावो पितलो ता. डाग जावचो नाय."

"खड्डो हंय मारल्यानी आणि कोंबडो वडाकडे? राखणदाराक पत्तो शोधीत फिरवतंस?" श्रीनाथने कोयत्याच्या उलट्या बाजूने त्याला बाजूला केलं. "तू दिचोलीचो. आमच्या राखणदाराची आणि तुझी वळख ना पाळख."

बाटली उघडून त्याने काठावरच्या मातीत धार धरली, डोळे मिटले, आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या माझ्या भावान तुका नाय विचारता जमीन फोडली, ती चूक तू पोटात घाल म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," गोकुळदासाच्या तोंडून निघून गेलं. सवय. देवकीने डोक्याला हात लावला.

"...ज्या कोणी वाकडी नदर केली आसात तेची नदर तेच्याच डोळ्यात घाल, स्कूटरी, गिऱ्हायकां सांभाळ, आणि ह्यो तुझो मान तू घे म्हाराजा!"

"अरे, काठावर नको—"

कोयता बसला. मुंडकं मातीत पडलं, चोच दोनदा उघडली. आणि श्रीनाथचा सोललेला हात, त्यात फेणीने ओला झालेला, त्यातून धड निसटलं. कोंबडा मुंडक्याशिवाय तीन पावलं पळाला, पंख फडफडवत उडाला आणि नेमका टाकीत. उडता उडता त्याने भिंतीवर लाल पिचकारी मारली, डावीकडून उजवीकडे. मग पाण्यात पडून गोल गोल फिरायला लागला, आणि ते दुधाळ पाणी त्याच्याभोवती गुलाबी होत गेलं.



"मान बुडालो!" श्रीनाथ ओरडला. देण्याचा कोंबडा तिथंच शिजवून खायचा असतो, तो वाया गेला तर देणं उलटतं, हे गोकुळदासालाही माहीत. श्रीनाथने चप्पल काढली आणि टाकीच्या पहिल्या पायरीवर पाय टाकला.

पायरीचा गिलावा म्हणजे तर लोणी. गोकुळदासाने मागून कंबरेला मिठी मारली आणि त्याला उचलून काठावर आपटला. आपटला म्हणजे, ठेवला. निदान तो तसंच म्हणणार होता.

श्रीनाथ उठला आणि त्याने गोकुळदासाच्या नाकावर बुक्की हाणली. आतलं हाड मोडल्याचा आवाज गोकुळदासाला स्वतःच्या कानांनी ऐकू आला. दुसरी बुक्की कानशिलावर, तिसरी पोटात. तो वाकला. डोळ्यांसमोर लाल झालं, आणि उजवी मूठ आपोआप वळली. खांद्यापर्यंत आली. मग ती त्याने डाव्या हाताने धरली, जशी खुराड्यातली कोंबडी धरतात, आणि खाली दाबली.

"मार," तो म्हणाला. नाकातलं रक्त दातांवर आलं होतं. "माका मार. टाकयेत पाय घालू नको. कोंबडो मी काढून देतंय."

टाकी घासायच्या ब्रशाची लांब दांडी त्याने उचलली, आडवी घातली, आणि भिंतीला स्पर्श होऊ न देता त्या धडाला हळूहळू काठाकडे आणलं. देवकीने पंख धरून ते वर घेतलं. श्रीनाथ धापा टाकत उभा होता. ते भांडण तिथं मिटलंही असतं. गोकुळदास दांडीला मऊ फडका बांधून भिंतीवरचं रक्त टिपायला लागला होता.

पण प्रशांत म्हापशाहून लवकर आला.

त्याने भिंत बघितली. पाणी बघितलं. देवकीच्या हातातला कोंबडा बघितला. हातातली पिशवी त्याने जमिनीवर टाकली नाही, श्रीनाथच्या तोंडावर मारली. आत पितळेचा वॉल्व होता. श्रीनाथचा ओठ फाटला.

"माझ्या पाण्यात रगत घालतंस? डिसेंबरात माणसां येवची आसत, तेंका काय सांगू, कोंबड्याच्या रश्श्यात पोहा?"

"तुझा पाणी?" श्रीनाथने तोंडातलं रक्त थुंकलं. "बाव कोणाची? पंप कोणाच्या बाजूक? बघ आता तुझा पाणी!"

तो कोयता घेऊन कुंपणातून पळाला. खोपटीचं दार आपटलं, बटणाचा खटका वाजला, आणि टाकीच्या तळाशी गुरगुरणारी नळी गप्प झाली.

हा गप्पपणा गोकुळदासाला नाकापेक्षा जास्त लागला. "पाच-धा मिनटां," तो म्हणाला, कोणाला कोण जाणे, आणि हातात होती ती दांडी घेऊनच धावला. पुढे प्रशांत, त्याने वाटेत पडलेली पहार उचललेली. मागून देवकी ओरडत, "अहो, ती पहार खाली ठेवा! मेस्त, तेंका धरा!"

खोपटीच्या दारात श्रीनाथ उभा. प्रशांतने पहार फिरवली ती दाराच्या चौकटीला लागली, चौकट फुटली. श्रीनाथचा पहिला वार खांबात रुतला. तो उपटून त्याने दुसरा घातला, तो प्रशांतच्या खांद्यावरून सालटं काढत गेला आणि सदरा लाल झाला. दोघं एका ताटात जेवलेले भाऊ, आणि तोंडातून शब्द नाही, नुसता रानडुकरासारखा श्वास. प्रशांत मागे सरला. विहिरीच्या शेवाळावर त्याचा पाय घसरला आणि तो उताणा पडला. पहार हातातून सुटली.

श्रीनाथने कोयता दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

गोकुळदासाला सगळं दिसलं. प्रशांतचं उघडं कपाळ दिसलं आणि मामलेदाराचा कागदही दिसला. मिठी मारायला अंतर जास्त होतं. हाक मारून थांबणारा हा माणूस नव्हता, हे तो अर्ध्या तासापूर्वी शिकला होता. आयुष्यात पहिल्यांदा अक्कल हाताच्या पुढे आली, आणि तिने सांगितलं, मार.

दांडी आडवी फिरली आणि श्रीनाथच्या मनगटावर बसली. वाळलेला माड मोडावा तसा आवाज झाला. कोयता विहिरीत गेला, आणि श्रीनाथने गुडघ्यावर बसून अशी किंकाळी फोडली की खालच्या शॅकमधली माणसं बाहेर आली.

गोकुळदास त्याच्यावरून पाय टाकून खोपटीत गेला आणि त्याने पंपाचं बटण दाबलं. मग परत येऊन टाकीच्या भिंतीला नाक लावून बघितलं. रेघ नव्हती.

शेजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. पण पोलीस येईपर्यंत दुपार कलली. तोवर श्रीनाथ जाऊन हात बांधून आला, प्रशांतच्या खांद्याला पट्टी झाली, आणि दोघं भाऊ स्वयंपाकघरात दार लावून बसले. आधी आवाज चढले, मग उतरले, मग कुजबुज. गोकुळदास काठावर बसून पाणी चढताना बघत होता. पळून जावं असं त्याच्या डोक्यात आलंच नाही. पाणी कोण बघणार?

देवकी भांडी घासायच्या निमित्ताने मोरीजवळ बसली होती. तिथं सगळं ऐकू येतं. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं.

"मेस्त, तुमी जावा हंयसून."

"कित्याक?"

"कोयत्याची केस झाली तर भावोजी आत, आणि आमचा लायसन गेला म्हणतत. दोघव एक झाले. सगळा तुमच्यार घालतले."

"घालांदे," गोकुळदास म्हणाला. "पाण्याक दोन बोटां रवली."

जीप आली. म्हातारा हवालदार आणि एक जाडा शिपाई.

"कोणी मारल्यान?" हवालदाराने विचारलं.

"ह्येणा," श्रीनाथने बांधलेला हात पुढे केला. "उगाच. मी कोंबडो देय होतंय, अंगार इलो."

"तू सांग," हवालदार प्रशांतला म्हणाला.

प्रशांत जमिनीकडे बघत होता. "व्हय. मेस्तान मारल्यान."

"आणि तुझ्या खांद्याक काय झाला?"

"पडलंय. पहार लागली."

हवालदाराने गोकुळदासाकडे नीट बघितलं. फुटलेलं नाक, सुजलेला डोळा, गुडघ्यावर ठेवलेले हात. "अरे, तुझी सही आसा मरे आमच्याकडे. एकोणीस दीस काढूक जाले नाय तुका?"

"नाय जाले."

"तुका काय सांगूचा आसा?"

"पाणी टाइलीक लागांदे. मगे येतंय."

"पाण्यासाठी मी थांबू?" हवालदाराने शिपायाला खूण केली.

गोकुळदासाने काठावरच्या पोलादी कठड्याला दोन्ही हातांनी वेढा घातला आणि बोटं बोटांत अडकवली. शिपाई खेचायला लागला. खांदा कडकडला, हात सुटले नाहीत. शिपायाने बरगडीत काठी खुपसली, मग पाठीवर दोन दिल्या. तरी नाही. हात कठड्याभोवती होते तोवर ते दुसऱ्या कुठे जाणार नव्हते, हे त्याला बरं पडलं.

आणि मग प्रशांत पुढे आला. ज्याचं कपाळ सकाळी वाचलं तोच. कदाचित ते नाक त्याला बघवत नव्हतं. "उठ!" तो किंचाळला. "उठ माझ्या जाग्यातसून! जा!" आणि टाच उचलून त्याने गोकुळदासाच्या बोटांवर घातली. एकदा. परत एकदा. करंगळीचं नख उडालं. गोकुळदासाने डोळे मिटून कपाळ कठड्याला टेकवलं आणि शिव्या दिल्या, खाणीवरच्या सगळ्या, एकही सोडली नाही.

"लागला!" देवकीची हाक आली. ती टाकीवर पालथी पडून टाइलीकडे बघत होती. "मेस्त, टाइलीच्या मधाक लागला!"

"मगे पंप बंद कर गे," गोकुळदास म्हणाला, आणि त्याने हात सोडले.

देवकी खोपटीकडे गेली, पंप बंद करून आली. शिपायाने गोकुळदासाला उभं केलं. जीपपर्यंत नेलं. तेवढ्यात देवकी पदर खोचून मागून आली.

"हवालदारानूं, माकाव घेवन चला."

"तू कशाक?"

"सकाळपासून मी हंयच होतंय. कोंबडो कोणी कापल्यान, कोयतो कोणी उचलल्यान आणि कोणाच्या टकल्यार, सगळा सांगतंय. कोयतो बावीत आसा, गळ घाला, गावतलो."

"देवकी, आत जा," प्रशांत म्हणाला.

"आत जावन काय करू? तुमका जेवक वाढू? विधवा होवन बसलंय आसतंय आता, ह्यो माणूस नसतो तर."

श्रीनाथने तोंड फिरवलं. हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं आणि जीपचं मागचं दार आणखी उघडलं.

गोकुळदास मात्र रागावला. "तू खंय चललंस? ब्रश कोण मारतलो? आजपासून सुरवात व्हयी, दोन टायम, पंधरा दीस! पांढरी पूड सुटतली, ती नाय झाडली तर बसता थंयच. माका सोडवन तुझी टाकी खरखरीत करून घेतलंस?"

"शिरा पडो त्या टाकयेर!" देवकी म्हणाली. तरी ती परत गेली. ब्रशाची दांडी कुंपणाला टेकवलेली होती, तिला एका ठिकाणी बाक आला होता. ती उचलून तिने नवऱ्याच्या हातात कोंबली. "मारा. दोन टायम." आणि येऊन जीपमध्ये गोकुळदासासमोर बसली.

जीप सुरू झाली. उघड्या मागच्या बाजूतून गोकुळदासाला दिसत होतं, प्रशांत काठावर आला, उभा राहिला, मग त्याने ब्रश पाण्यात घातला आणि खालून वर ओढला. पांढरा ढग उठला.

"वरसून खाली रे!" गोकुळदास सुजलेल्या बोटांनी जाळी धरून ओरडला. "वरसून खाली, मेल्या!"

"गप रव," हवालदार पुढून म्हणाला.

"आयकूक गेला नाय तेका," देवकी म्हणाली. "आणखी एकदा सांगा. मोठ्यान."